खेळांचे प्रगतिपुस्तक



मोबाईलविषयी या सदरात काही लिहिले की एक प्रश्न हमखास परत येतो : ‘बाई, मोबाईल काढून घेतला, आता मुलांच्या हातात द्यायचे काय?’ प्रश्न रास्त आहे. रिकामा हात फार वेळ रिकामा राहत नाही. आणि मुलांचेच कशाला, रात्री इशानंतर घरातली मोठी माणसेही चार कोपऱ्यांत चार मोबाईल धरून बसलेली असतातच. म्हणून या महिन्यात उपदेश बाजूला ठेवते आणि एका उपायाविषयी लिहिते. तो म्हणजे पट मांडून, समोरासमोर बसून खेळायचे नवे खेळ.

पटावरचा खेळ म्हटले की आपल्याला लुडो, सापशिडी आणि ‘व्यापार’ आठवतो. यातले लुडो आणि सापशिडी मूळचे आपल्याच मातीतले. पचिसी आणि मोक्षपट इंग्रजांनी १९व्या शतकात विलायतेला नेले आणि नवे रंगीत डबे करून पुन्हा आपल्याला विकले. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत आधी जर्मनीत आणि मग जगभर वेगळ्याच तऱ्हेचे खेळ तयार झाले. जर्मनीत १९७९ पासून दरवर्षी समीक्षकांचे एक मंडळ निवडक खेळाला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’, हा किताब देते. पुस्तकावर लेखकाचे नाव असावे तसे या डब्यांवर खेळ रचणाऱ्याचे नाव छापलेले असते. आता हे डबे आपल्याकडेही मिळतात. मात्र किंमत काही हजारांत जाते. म्हणून घेण्यापूर्वी पारख हवी.

आमची खेळांची भिशी

आम्ही चौघी एका रविवाराआड बसतो. मी, आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई, शेजारी राहणाऱ्या दवाखान्यातल्या सिस्टर आणि माझ्या चुलत भावाची बायको, म्हणजे आमच्या भाभी. भाभी घरी शिवणकाम करतात. उर्दू माध्यमातून सातवीपर्यंत शिकल्या. इंग्रजी वाचता येत नाही. चौघींची भिशी आहे, दरमहा प्रत्येकी ३०० रुपये. तीन महिन्यांत ३,६०० जमतात आणि एक खेळ येतो. डबा कुणा एकीचा नसतो, तो घरोघर फिरतो.

सुरुवातीला लोकांनी नावे ठेवली. चाळिशीच्या बायकांनी खेळायचे म्हणजे काय! पण जरा विचार करा. पुरुषांना नाका आहे, चहाची टपरी आहे, जमाअतनंतर मशिदीच्या पायऱ्यांवरच्या गप्पा आहेत. आपल्या बायकांना एकत्र यायला लग्न लागते, नाहीतर मयत. दोन्हीकडे हाताला काम असतेच. काम नसताना, डोके ताजे ठेवून, बरोबरीने दोन तास बसायला आपल्याला जागाच नाही. लग्नानंतर आपल्या मैत्रिणी कुठे गेल्या, हे एकदा आठवून पाहा.

म्हणून आमच्या बैठकीचे नियम कडक आहेत. असर झाली की बसायचे, मगरिबची अजान झाली की उठायचे. मोबाईल टोपलीत. आणि जिच्या घरी डाव, तिने चहा करायचा नाही. थर्मास दुसरीच्या घरून येतो. नाहीतर घरची बाई सगळा वेळ चुलीपाशी आणि डाव तिघींचाच, असे होते.

पारख कशी करायची?

शाळेत एक गोष्ट शिकले. वर्ग कसा चालला आहे हे पहिल्या बाकाकडे पाहून कळत नाही, शेवटच्या बाकाकडे पाहून कळते. खेळाचेही तसेच. जिंकणाऱ्याला प्रत्येक खेळ चांगलाच वाटतो. खेळ पारखायचा तर हरणाऱ्याकडे पाहायचे. म्हणून आमच्या प्रगतिपुस्तकात पाच प्रश्न आहेत. हरणारा शेवटपर्यंत डावात राहतो का? इंग्रजी न येणाऱ्याला बरोबरीने खेळता येते का? डाव केव्हा संपणार हे ठाऊक असते का? नशीब किती आणि डोके किती? आणि डाव संपल्यावर मनात काय उरते?

आपल्या घरांत याच्याही आधी एक प्रश्न येतो, तो फाशांचा. ‘नर्द’ या फाशांच्या खेळाची मनाई हदीसमध्ये आली आहे. बहुतेक उलमांनी पैज नसली तरी फाशांचे खेळ वर्ज्य मानले आहेत, काहींनी ती मनाई जुगाराशी जोडली आहे. पैसे लावून खेळण्याबाबत तर दुमत नाहीच. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना आणि आलिमांना विचारावे. एवढे मात्र सांगते की खाली जे नवे खेळ दिले आहेत, त्यांत एकच सोडला तर बाकी कशातही फासा नाही.

व्यापार

सुरुवात ओळखीच्या खेळापासून. आपला ‘व्यापार’ हा अमेरिकेतल्या ‘मोनोपली’चा भाऊ. मोनोपलीची मूळ कथा ऐकण्यासारखी आहे. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट घेतले. जमीन थोड्यांच्या हाती गेली की भाडे भरणारा कसा कंगाल होतो, हे लोकांना दाखवण्यासाठी तो रचला होता. १९३५ पासून त्याचेच बदललेले रूप ‘मोनोपली’ म्हणून दुकानांत आले आणि बाईंची तक्रार हाच लोकांचा आनंद झाला!

आमच्या पाच प्रश्नांवर ‘व्यापार’ टिकत नाही. तासाभरात एक भिडू दिवाळखोर होतो आणि पुढचे दोन तास इतरांना नोटा मोजताना पाहत बसतो. बहुधा तो घरातला सर्वांत लहान असतो. डाव केव्हा संपेल हे कुणालाच सांगता येत नाही. तो संपत नाही, मोडतो. शेरा : हिशेबाच्या सरावाला ठीक, मनाला ठीक नाही.

कटान

नव्या खेळांचे जगभर नाव केले ते ‘कटान’ने. क्लाउस टोयबर हे जर्मन गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवण्याचा व्यवसाय करत आणि घरी खेळ रचत. त्यांच्या ‘कटान’ला १९९५ चा ‘वर्षाचा खेळ’ किताब मिळाला. एका बेटाचे १९ षटकोनी तुकडे मांडायचे आणि त्यांवर वस्त्या व रस्ते वसवायचे. लाकूड, वीट, लोकर, धान्य आणि खनिज अशी पाच प्रकारची सामग्री असते. सगळे कुणाकडेच पुरेसे नसते, म्हणून सौदा करावाच लागतो. ‘दोन लोकर घे, एक वीट दे.’ भाव आपणच ठरवायचा. घासाघीस करण्यात भाभींचा हात कुणी धरू शकत नाही. कापड बाजारातला वीस वर्षांचा अनुभव आहे.

यात दोन फासे आहेत. कोणत्या तुकड्यावर पीक येणार हे त्यांच्या बेरजेवर ठरते. फासे नकोत असे ठरल्यावर आमच्या गणिताच्या बाईंनी ३६ चिठ्ठ्या केल्या. दोन आणि बाराची एकेक, तीन आणि अकराच्या दोन-दोन, असे करत मधल्या सातच्या सहा. फाशांत ज्या प्रमाणात बेरजा येतात, त्याच प्रमाणात. काही घरांना हा तोडगा पटेल, काहींना पटणार नाही. पण त्या चिठ्ठ्या करताना आठवीतल्या मुलीला संभाव्यता जी समजली, ती फळ्यावर समजली नव्हती.

उणीव अशी की सुरुवातीची वस्ती चुकीच्या जागी बसली तर भिडू कोंडीत सापडतो आणि तासभर त्याला काही करता येत नाही. बाहेर कुणी पडत नाही, पण आत राहूनही हात बांधलेले. शेरा : बोलक्या घरांसाठी. तीन किंवा चार जण हवेतच.

अझुल

हा माझा आवडता. मिखाएल कीसलिंग यांचा हा खेळ २०१७ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला ‘वर्षाचा खेळ’ किताब मिळाला. पोर्तुगालच्या इमारतींवर ज्या रंगीत फरश्या दिसतात त्यांना ‘अझुलेझु’ म्हणतात. पणजीला गेलात तर घरांच्या पाट्यांवरही दिसतील. हा शब्द मूळ अरबी ‘अझ-झुलैज’वरून आलेला, आणि ही कला स्पेनमधल्या मुस्लिम कारागिरांकडून तिकडे पोहोचली. खेळाची कथाही तीच : पोर्तुगालचा राजा पहिला मॅन्युएल अलहम्बराचा महाल पाहून थक्क होतो आणि आपल्या महालातही तशाच भिंती हव्यात म्हणतो. डबा उघडताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

पाच रंगांच्या प्रत्येकी २० अशा १०० फरश्या एका पिशवीत असतात. मधल्या तबकड्यांवर चार-चार मांडतात. एका तबकडीवरून एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या आणि आपल्या पाटीवरच्या ओळीत भरायच्या. उरलेल्या मध्ये सरकवायच्या. ओळीत मावल्या नाहीत तर जास्तीच्या फरश्या खाली पडतात आणि गुण वजा होतात. कुणाची एक आडवी ओळ पूर्ण झाली की ती फेरी शेवटची. पाऊण तासात डाव संपतो.

या खेळात वाचायला काहीच नाही. पहिल्या काही बैठकांत भाभी म्हणायच्या, ‘तुम्ही खेळा, मी बघते.’ पाठीमागे बसून सुपारी कातरायच्या. अझुल आला त्या दिवशी त्या पुढे सरकल्या. कापडावर नमुना बसवणारी नजर ती. कोणता तुकडा कुठे जाईल आणि किती वाया जाईल हे त्यांना आमच्याआधी दिसते. सलग तीन बैठका त्याच जिंकल्या. त्या दिवसापासून ‘मी बघते’ हे वाक्य आमच्याकडे कुणी ऐकलेले नाही.

उणीवही सांगते. नको असलेल्या फरश्यांचा ढीग दुसऱ्याच्या गळ्यात मारता येतो. मोठ्यांना यात मजा वाटते, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रडू येते. त्यांच्याबरोबर जरा सांभाळून. शेरा : अक्षरओळख नसलेली दादी आणि इंजिनियर नातू बरोबरीने खेळू शकतील असा.

तिकीट टू राइड

अॅलन मून यांचा हा आगगाडीचा खेळ २००४ चा ‘वर्षाचा खेळ’. रंगीत पत्ते जमवायचे आणि नकाशावर गावागावांत लोहमार्ग टाकायचे. कोणती दोन गावे जोडायची आहेत याची तिकिटे गुप्त असतात. डाव संपल्यावर जोडणी झाली नसेल तर तेवढे गुण वजा. नियम दहा मिनिटांत समजतात. दोन ते पाच जण खेळू शकतात. प्रत्येकाकडे ४५ डबे असतात, ते संपत आले की सगळ्यांना दिसते, म्हणजे शेवट अचानक येत नाही. मूळ नकाशा अमेरिकेचा आहे. हिंदुस्थानचा नकाशाही वेगळा निघाला आहे, पण त्यात डबे नसतात. मूळ खेळ घरी असेल तरच तो उपयोगी. दुकानदार हे सांगतोच असे नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. शेरा : पहिला विकतचा खेळ घ्यायचा तर हा.

पँडेमिक

मॅट लीकॉक यांचा हा खेळ २००८ मध्ये आला, म्हणजे कोरोनाच्या बऱ्याच आधी. यात भिडू एकमेकांविरुद्ध नसतात. जगाच्या नकाशावर ४८ शहरे आहेत. मुंबई, कराची, बगदाद, कैरो, इस्तंबूल, रियाध ही त्यांतलीच. चार रोग पसरत असतात. एकेकाला एकेक काम मिळते, कुणी उपचार करणारा, कुणी शास्त्रज्ञ, कुणी संशोधक. आपल्या पाळीला चारच हालचाली. तेवढ्यात साथ आवरायची, आणि एका रंगाचे पाच पत्ते जमवून औषधही शोधायचे. चारही औषधे सापडली तर सगळे जिंकले. उद्रेक आठवर गेले किंवा पत्ते संपले तर सगळेच हरले.

डबा आणला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ‘साथीचा खेळ? मला नको.’ २०२० चे ते महिने त्यांनी वॉर्डात काढले होते. आम्ही डबा कपाटात ठेवला आणि विषय काढला नाही. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच तो बाहेर काढला. डाव निम्म्यावर असताना एवढेच म्हणाल्या, ‘तेव्हा आम्हाला असे एका जागी बसून ठरवायला मिळाले नाही.’ कुणी काही बोलले नाही. मग आम्ही पुढची चाल ठरवली. तो डाव आम्ही हरलो, पण सिस्टर त्यानंतर त्या दिवसांविषयी पहिल्यांदा सविस्तर बोलल्या. मगरिबची वेळ होईपर्यंत बोलत होत्या.

या खेळाची एक खोड आहे. एखादा हुशार भिडू सगळ्यांच्या चाली स्वतःच सांगू लागतो आणि बाकीचे नुसते हुकूम पाळतात. घरात हे काम बहुधा अब्बू करतात, शाळेत आम्ही बाई-गुरुजी! त्यावर आमचा उपाय म्हणजे सर्वांत लहान भिडूने आधी बोलायचे, सर्वांत मोठ्याने शेवटी. हा नियम घरातल्या इतर सल्लामसलतीतही वापरून पाहावा. शेरा : हरणे सहन न होणाऱ्या मुलासाठी उत्तम, इथे तो एकटा हरत नाही.

कोडनेम्स

शेवटी बिनपैशाचा खेळ. व्लादा ख्वातिल यांचा ‘कोडनेम्स’ हा २०१६ चा ‘वर्षाचा खेळ’. विकतचा डबा इंग्रजी शब्दांचा असतो, म्हणून आम्ही तो घेतलाच नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापले आणि त्यांवर एकेक शब्द लिहिला, वर मराठीत आणि खाली उर्दूत. पंचवीस पत्ते पाच-पाचच्या ओळींत मांडायचे. दोन गट, प्रत्येक गटाचा एक म्होरक्या. दोघा म्होरक्यांपुढे एक चौकटींचा कागद, त्यात कोणता पत्ता कुणाचा हे लिहिलेले असते. आधी बोलणाऱ्या गटाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात कुणाचेच नाहीत आणि एक काळा; त्या काळ्याला हात लावला की डाव खलास. म्होरक्याने फक्त एक शब्द आणि एक आकडा सांगायचा. ‘रहाट, तीन’ म्हटले की गटाने विहीर, दोरी, बादली शोधायची.

दोन भाषांच्या घरात हा खेळ फार रंगतो. ‘हापूस, एक’ म्हटल्यावर मराठी शाळेतला मुलगा लगेच ‘कलम’ दाखवतो. उर्दू शाळेतली बहीण म्हणते, कलम म्हणजे तर लेखणी! ‘शिकस्त’वर तर आमच्याकडे वादच झाला. उर्दूत शिकस्त म्हणजे हार, आणि मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे होता होईल तेवढे करणे. कुणाच्या सासूबाई बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘दोन्ही एकच की ग. आधी हे केले तर ते चालते.’ शेरा : पाचपैकी पाच. सगळ्या घरांनी याच्यापासून सुरुवात करावी.

हरलेल्या मुलाचे काय?

मुलगा हरला की पट उधळतो, म्हणून खेळायलाच नको, असे काही माता सांगतात. उलट आहे. परीक्षेत, नोकरीत, धंद्यात हरायची वेळ येणारच. त्याची तालीम घरच्या चटईवर झालेली बरी. त्याला मुद्दाम जिंकू देऊ नका, मुलांना ते कळते आणि त्यांचा मान जातो. त्यापेक्षा दोन पत्ते जास्त द्या, ते उघडपणे द्या. डाव संपल्यावर ‘का हरलास?’ असे विचारू नका. ‘कोणती एक चाल बदलली असतीस?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला मूल कारण शोधते, दुसऱ्याला विचार करते. आणि जिंकणाऱ्याने पट आवरायचा, हरणाऱ्याने नाही. आमच्याकडे हा नियम लागू झाल्यापासून पट उधळणे थांबले आहे.

या महिन्यात काहीही विकत घेऊ नका. लग्नपत्रिका शोधा, पंचवीस शब्द लिहा, त्यांतले दहा तरी दादी-नानीला विचारून लिहा. एका रविवारी दोन मैत्रिणींना मुलांसह बोलवा, आणि चहा त्यांच्याकडून मागवा. ‘मी बघते, तुम्ही खेळा’ असे कोण म्हणते, तेवढे लक्षात ठेवा. पुढचा डाव तिला विचारून निवडा.

तुमच्या घरच्या पत्त्यांवर कोणते शब्द आले ते कळवा. निवडक शब्द पुढच्या अंकात देईन, इन्शाअल्लाह.

खुदा हाफिज.